आप्पांसोबत सेवाग्राम ते हेमलकसा

सोमवार : सेवाग्राम

शेगावहून रेल्वेनं वर्धा सरळ पडतं, पण आप्पांना एसटीच हवी होती. आयुष्यभर खामगाव आगारात वाहक म्हणून काढलं, आता पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे राज्यभर मोफत प्रवास. मला महिला म्हणून अर्धं तिकीट. अकोला, अमरावती करत दुपारी वर्ध्याला उतरलो आणि सेवाग्रामला जायला ऑटो केला.

हा प्रवास मी का ठरवला ते आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवते. पालकसभेत दरवेळी कोणी ना कोणी बाप उठून म्हणतो, "मॅडम, तुम्हीच समजावा याला. आमचं ऐकतच नाही." मला त्यांचा राग येत नाही, त्यांची तगमग खरी असते. पण मुलात काही उतरवायचं तर ते सांगून उतरतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. आपल्या विदर्भात दोन घरं अशी आहेत जिथं बापाचं काहीतरी मुलांत उतरलं आणि नातवंडांतही. एक आमट्यांचं, दुसरं बंगांचं. ते जिथं घडलं त्या जागा दिवाळीच्या सुट्टीत आप्पांसोबत पाहायच्या असं ठरवलं.

गांधीजी इथे १९३६ मध्ये आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. आमच्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून पुढे सेवाग्राम झालं. बापू कुटी मातीची, बांबूची, बुटकी. आप्पा चपला काढून ओसरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेलेले. सुटल्यावर त्यांचं अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी जायचं ठरलं. निघण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला ते याच आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना सुचवलं, की अर्थशास्त्रच शिकायचं असेल तर अमेरिकेऐवजी हिंदुस्थानच्या खेड्यांत जा. बंगांनी प्रवेशाचे कागद फाडले आणि काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते खेड्यात राहायला, शेती करायला गेले. त्यांचा मुलगा अभय बंग यांचा जन्म त्यानंतरचा, १९५० चा. म्हणजे त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं नाही. पण त्या फाडलेल्या कागदांमुळे जे घर तयार झालं, त्या घरात ते वाढले. आश्रमातल्या नई तालीमच्या शाळेत शिकले, शेतात आणि स्वयंपाकघरात काम करत शिकले. अशोक आणि अभय हे दोघे भाऊ सोळा आणि तेरा वर्षांचे असताना गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकली घेऊन बोलत होते. मोठ्यानं शेती घ्यायची, धाकट्यानं आरोग्य, असं त्यांनी तिथेच आपापसात वाटून घेतलं. वडील तिथे नव्हते. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

आप्पांना मी हे रात्री सांगितलं. ते म्हणाले, "त्यायच्या मायचं नाव काय होतं?" मी म्हटलं, सुमनताई. "मंग त्या माउलीचं बी सांग ना. कागद यानं फाडले, पण चूल कोणं पेटवली?" ते बरोबर बोलत होते. या सगळ्या घरांमध्ये बापाच्या एका निर्णयाची गोष्ट होते, आणि तो निर्णय रोज निभावणारी आई त्या गोष्टीत एका ओळीची होऊन जाते.

मंगळवार : वरोरा, आनंदवन

सकाळच्या गाडीनं हिंगणघाटमार्गे निघालो. हिंगणघाट हे बाबा आमट्यांचं जन्मगाव. २६ डिसेंबर १९१४. घरची जहागिरी, वडील सरकारी नोकरीत. तरुणपणी बाबांकडे स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या बैठकीला बिबट्याचं कातडं होतं. मुलाला डॉक्टर व्हायचं होतं, वडिलांनी वकील केलं. घरातल्या नोकरचाकरांसोबत, खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या लोकांसोबत जेवायला वडिलांचा विरोध असे आणि मुलगा ते मुद्दाम करी. बापाचा प्रभाव म्हटला की आपण फक्त वारसा धरतो. पण बापाची एखादी गोष्ट पाहून "मी असा वागणार नाही" असं मुलाला लहानपणीच वाटणं, हाही बापाचाच प्रभाव. वडिलांनी त्यांना मुद्दाम शिकवलेलं काही असेलही, पण जे त्यांनी नाकारलं त्यातून बाबा आमटे घडले असं मला हिंगणघाट ओलांडताना वाटत राहिलं.

आनंदवनाच्या फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतात ती झाडं. इथे खडकाळ माळ होता यावर विश्वास बसत नाही. १९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई इथे राहायला आले तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि दोन लहान मुलं होती. विकास साधारण चार वर्षांचा, प्रकाश त्याहून लहान. आधी विहीर खणली. बोटं झडलेल्या माणसांनी आणि एका वकिलानं खणली.

मी इथे बराच वेळ थांबले, कारण मला एक शंका सोडत नव्हती. त्या काळात कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळत. औषध नुकतंच आलेलं होतं, भीती शतकांची होती. बाबांनी स्वतःसाठी काय वाट्टेल ते निवडावं. ते वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना डोक्यावरून मैला वाहायला गेले, पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून आधी घाबरून पळाले आणि मग त्या भीतीलाच घाबरून परत फिरले. ते सगळं मी समजू शकते. पण दोन एवढ्याशा मुलांना या माळावर आणायचा हक्क बापाला आहे का? त्या मुलांनी काय निवडलं होतं?

हातमागाच्या विभागात एक म्हातारे गृहस्थ सतरंजी विणत होते. दोन्ही हातांची बोटं अर्ध्यावर संपलेली. धोटा ते तळहाताच्या कडेनं ढकलत आणि मनगटानं थांबवत. धागा तुटला की पुढे वाकून दातांनी टोक धरत आणि उरलेल्या अंगठ्यानं गाठ मारत. गाठ घट्ट बसली की नाही हे पाहायला तो धागा गालाला लावून ओढत, कारण बोटांना स्पर्श कळत नाही. आप्पा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. दोघांचं कुठल्या गावचे, केव्हापासून, असं सुरू झालं. मी धीर करून माझी शंका विचारली. ते म्हणाले, "ही पोरं आमच्या अंगाखांद्यावर वाढली बाई. आम्हाला घरच्यांनी टाकलं होतं. इथं या माणसानं आपली लेकरं आमच्या मांडीवर दिली. तेव्हा आम्हाला पटलं, की हा खोटं बोलत नाही."

माझ्या शंकेचं हे पूर्ण उत्तर नाही. पण ते ऐकल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. बाबांचं ते देणं मुलांना उद्देशून नव्हतंच. मुलं त्या कृतीच्या आत होती. ज्यांना जग माणूस मानत नव्हतं त्यांच्या मांडीवर जो वाढला, त्याला माणुसकीवर वेगळं व्याख्यान द्यायची गरज उरत नाही. पुढे विकास आणि प्रकाश दोघंही नागपूरला शिकून डॉक्टर झाले. विकास आमट्यांनी आनंदवन सांभाळलं आणि वाढवलं. आजोबांच्या आग्रहापायी बाबांचं जे डॉक्टर होणं राहून गेलं, ते असं दोन्ही मुलांत उगवलं.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी न देता इथेच मातीत ठेवलं. साधनाताई २०११ मध्ये गेल्या. संध्याकाळी तिथे गेलो तेव्हा आप्पांनी हात जोडले आणि काहीच बोलले नाहीत. आनंदवनाचं जेवण साधं आणि पोटभर, झोप लवकर.

बुधवार : वरोरा ते आलापल्ली

दिवसभर एसटी. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. दोन्ही बाजूंना धानाची कापणी सुरू होती.

गाडीत एक प्रसंग घडला. एका म्हातारीनं पाचशेची नोट दिली, वाहकाकडे सुटे नव्हते, त्यानं तिकिटामागे रक्कम लिहून दिली. पुढच्या एका फाट्यावर म्हातारी बोचकं घेऊन उठली आणि दाराकडे निघाली. वाहक पुढे तिकिटं फाडण्यात, आता यंत्रातून काढण्यात म्हणायचं, गुंतलेला. आप्पा आमच्या सीटवरून अर्धे उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मास्तर, मावशीचे पैसे!" वाहक वळला, पैसे मोजून दिले, आणि आप्पांकडे बघून हसला. धंद्यातला माणूस त्यानं ओळखला होता.

मला आमच्या घरची छोटी डायरी आठवली. पैसे न घेता उतरून जाणारे प्रवासी रोज असतात. रात्री हिशेबात ते पैसे जास्त येतात. आप्पा एका खिशातल्या डायरीत लिहून ठेवत: तारीख, फेरी, गाव, रक्कम, आणि माणसाची खूण. "लाल फेटा, पायानं अधू." "दोन पोरी, एक कडेवर." "मास्तरीणबाई, निळी छत्री." नाव माहीत नसे म्हणून खूण. पुढच्या फेरीला तो माणूस गाडीत दिसला की आप्पा स्वतः जवळ जाऊन पैसे द्यायचे आणि डायरीतल्या ओळीवर काट मारायचे. लहानपणी मी त्या डायरीत वाचायला शिकले म्हटलं तरी चालेल. घाटावरची, घाटाखालची कितीतरी गावं मला आधी त्या डायरीतून माहीत झाली.

त्यांनी मला कधी म्हटलं नाही की खरं वाग. मी दहावीला असताना एकदा फक्त ती डायरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "बेरीज करून दे." मी केली. बास.

आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. अंधार पडता पडता पोचलो, रस्त्याच्या कडेनं सरळसोट खोडं दिसत होती. खोलीवर आल्यावर पाय सुजले म्हणून आप्पा लवकर झोपले.

गुरुवार : हेमलकसा

आलापल्लीहून भामरागडच्या गाडीनं निघालं की जंगल दाट होत जातं. भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा. पुढे भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला मिळतात आणि पलीकडे छत्तीसगड.

बाबा आमटे मुलांना घेऊन या भागात आले तेव्हा रस्ता असा नव्हताच. इथले माडिया आदिवासी बाहेरच्या माणसाची चाहूल लागताच जंगलात पळत. कुपोषण, हिवताप, अंगावर पुरेसं कापड नाही. बाबांना इथे काम सुरू करायचं होतं, पण वय साठीकडे झुकलेलं आणि पाठीचे मणके झिजलेले. पुढे तर त्यांना फक्त उभं राहता यायचं किंवा आडवं पडता यायचं, बसणं शक्य नव्हतं. प्रकाश आमटे तेव्हा नागपूरला शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते म्हणाले, मी जातो. शिक्षण अर्धवट सोडलं. नुकतंच लग्न झालेल्या मंदाताई भूलतज्ज्ञ, त्याही आल्या. २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. राहायला झोपडी, वर्षानुवर्षं वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क तुटलेला. २००८ साली या दोघांना मॅगसेसे मिळालं. बाबांना ते १९८५ मध्ये मिळालं होतं.

इथे मला बापाचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. बाबांनी मुलाला जागा दाखवली, स्वतःची तळमळ त्याच्यापासून लपवली नाही, आणि त्याच्या "मी जातो" या शब्दाची वाट पाहिली. मग काम त्याचं होऊ दिलं. हेमलकसा आनंदवनाची शाखा वाटत नाही. आनंदवनात उद्योग आहेत, कार्यशाळा आहेत, श्रमाची मोठी वसाहत आहे. इथे दवाखाना, आश्रमशाळा आणि अनाथ जंगली प्राण्यांचं घर. प्रकाश आमटे पांढरी हाफपँट आणि बनियन घालतात, कारण भोवतालच्या माणसांच्या अंगावर कपडे नसताना आपण पूर्ण कपडे घालणं त्यांना पटलं नाही. ही त्यांची स्वतःची वाट. बापाची नक्कल यात कुठेच नाही.

प्राण्यांचं अनाथालयही असंच निघालं. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या काठीला मेलेली माकडीण बांधलेली होती आणि तिच्या छातीला जिवंत पिल्लू बिलगून दूध शोधत होतं. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. शिकार हे त्या लोकांचं अन्न, म्हणून त्यांना दोष दिला नाही. पिल्लू द्या, बदल्यात धान्य-कपडे घ्या असं सुरू केलं. बिबटे, अस्वलं, हरणं, साप, मगरी असं घर भरत गेलं.

दवाखान्याच्या आवारात माडिया कुटुंबं झाडाखाली बसली होती. एका बाईच्या मांडीवर ताप आलेलं पोर होतं, शेजारी तिचा नवरा बांबूच्या नळीतून काहीतरी काढून मोठ्या पोराला भरवत होता. आप्पांनी "जोहार" म्हटलं, तो हसून "जोहार" म्हणाला. नंतर बराच वेळ आप्पा त्या बापाकडेच बघत होते.

शाळेचं मला अप्रूप जास्त, माझाच धंदा तो. आश्रमशाळा १९७६ पासून आहे. प्रकाश आणि मंदाताईंनी दिगंत आणि अनिकेत या स्वतःच्या मुलांनाही याच शाळेत माडिया मुलांसोबत घातलं. नागपूरच्या चांगल्या वसतिगृहात ठेवणं त्यांना अवघड नव्हतं. आज दिगंत इथेच डॉक्टर आहेत आणि अनिकेत प्रकल्पाचं काम बघतात. आनंदवनात मला जी शंका आली होती ती इथे पुन्हा आली, पण तिची धार गेली होती. जे लहानपण आपल्या वाट्याला आलं, तेच प्रकाश आमट्यांनी स्वतःच्या लेकरांना दिलं. त्या लहानपणाबद्दल त्यांच्या मनात किंतु असता तर त्यांनी तसं केलं नसतं. ज्याला विचारायला हवं होतं, त्यानंच हे उत्तर दिलं आहे.

तरी एक सांगायला हवं. पालकसभेत ही घराणी आदर्श म्हणून मांडायला मी धजणार नाही. शेतमजूर बाप रात्री आठला घरी येतो, त्याला बाबा आमट्यांचं उदाहरण देऊन काय होणार? त्याच्याकडे स्वतःचं काही आहे. तो आपल्या बैलाला आधी पाणी पाजून मग घोटभर पितो, ते पोराला दिसतं. ते मोजायला आपण शिकलो तर पुरे.

शुक्रवार : शोधग्राम, गडचिरोली

आष्टी-चामोर्शीमार्गे गडचिरोली, तिथून धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. शोधग्राम हे तिचंच आवार. वडिलांनी अमेरिकेचे कागद फाडले, मुलगा अमेरिकेला जाऊन शिकून आला, आणि दोघंही पोचले खेड्यातच. त्यात विसंगती मला तरी दिसत नाही.

दवाखान्याचं नाव माँ दंतेश्वरी, कारण ती इथल्या गोंडांची देवी. सगळं आवार गोंड वस्तीसारखं, दवाखाना वाटू नये असं. बंग दांपत्याचं सर्वांत मोठं काम नवजात बाळांचं. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच इंजेक्शन द्यायला त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि पुढे देशाच्या आशा योजनेत आलं. सायकलींजवळ उभ्या दोन पोरांनी आपसात वाटून घेतलेलं काम इथवर आलं. २००६ पासून इथे 'निर्माण' नावाचा उपक्रम चालतो. आपण आयुष्याचं काय करायचं या प्रश्नाशी झगडणारी तरुण मुलं त्यासाठी येतात. अभय-राणी बंगांचा धाकटा मुलगा अमृत ते काम बघतो.

दुपारी गडचिरोलीच्या स्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट बघताना मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला मी काय व्हावं असं वाटायचं?"

"फौजदार."

मला हे माहीत नव्हतं. "मग बोलला नाहीत कधी?"

"तू बारावीला सांगितलं का डीएड करतो. मंग मी काय बोलू?"

मी शिक्षिका का झाले हे त्यांना माहीत आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या गाडीत बसून फेरीला जायची. एका फाट्यावर पाच-सहा मुली शाळेसाठी रोज शेतातून पळत यायच्या. आप्पा दारात उभे राहून त्या दिसेपर्यंत घंटीची दोरी ओढत नसत. ड्रायव्हरकाका कुरकुर करत, मागचे लोक ओरडत. आप्पा म्हणत, "येतात, येतात." त्या धापा टाकत चढल्या की मगच डबल बेल. त्यांतली एक मुलगी चढता चढता माझ्याकडे बघून हसायची. मी खिडकीजवळ आरामात बसलेली आणि ती पळत आलेली. त्या मुली शाळेत पोचून पुढे काय करतात, हे मला बघायचं होतं.

आप्पा म्हणाले, "ते तुले आठवतं?"

"तुम्ही माझ्यासाठी थांबवायचा का गाडी? म्हणजे मी बघते आहे म्हणून?"

"तुह्या विचार कोण करे तवा," ते म्हणाले. "गाडीत सत्तर माणूस. तू बसेल आहे हेच माह्या ध्यानात नसे."

नागपूरची गाडी लागली. आप्पांनी आधी मला चढू दिलं.